स्टुटगार्टच्या झेंड्याची अस्सल प्रत

एकाच पत्राच्या दोन प्रती दप्तरांत मिळाल्या म्हणजे अस्सल कोणती व नक्कल कोणती, हा विचार आपण प्रथम करतों. हाच नियम कापडासहि लावावा, एवढेंच प्रस्तुत टिपणांत सुचवावयाचें आहे.

ता. २२ ऑगस्ट १९०७ रोजीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेंत मादाम भिकाजी कामा यांनीं हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा झेंडा फडकविला. त्यांच्यासमवेत सरदारसिंह राणा होते. वर हिरवा, मध्यें पिवळा व खालीं तांबडा पट्टा. मधल्या पट्ट्यावर देवनागरींत ‘वंदे मातरम्’, खालच्यावर सूर्य व चंद्रकोर, असें त्याचें वर्णन सामान्यतः आढळतें. वादाचें स्थळ वरच्या पट्ट्यांत आहे. कित्येक लेखक तेथें आठ कमळें सांगून ब्रिटिश हिंदुस्थानचे आठ प्रांत असा अर्थ लावतात. आजच्या सरकारी माहितींत मात्र एक कमळ व सप्तर्षींचे सात तारे आहेत. एक आणि सात मिळून आठच! संख्या कायम राहून आकृति तेवढी बदलावी, हा पाठभेद नकलनविसाच्या हातून पडणाऱ्या भेदांच्याच जातीचा दिसतो. ७ ऑगस्ट १९०६ रोजीं कलकत्त्यास लावलेल्या झेंड्यावरहि आठ कमळें सांगतात. तेव्हां दोन वर्णनांची सरमिसळ झाली असणें अशक्य नाहीं.

अशा वेळीं छापील वर्णनें बाजूस ठेवून मूळ वस्तूकडे वळावें. इंदुलाल याज्ञिक यांनीं हिंदुस्थानांत गुप्तपणें आणलेला झेंडा पुण्यास केसरी-मराठा ग्रंथालयांत जतन केलेला आहे. परंतु भावनगर येथें राणा यांच्या वंशजांनींहि एक झेंडा सांभाळला असून तोच स्टुटगार्टचा, असें त्यांचें म्हणणें आहे. कामाबाई १९३६ सालीं मुंबईस निवर्तल्या. त्यांची साक्ष आतां मिळणें नाहीं.

आमच्या मतें एक खरा ठरला म्हणून दुसरा खोटा ठरत नाहीं. चळवळीचा झेंडा एकदांच शिवला जातो हें गृहीतच निराधार आहे. जरूर पडेल तसे दोन-तीनहि होतात. मात्र स्टुटगार्टच्या सभेंत उभारलेला कोणता, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. त्यासाठीं दोन्हीं कापडें एकाच मापानें तपासलीं पाहिजेत: सुताचा पीळ, रंगाचा कस, शिवणीचे टांके, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ‘वंदे मातरम्’ या अक्षरांचें वळण. अक्षर परदेशीं काढलें कीं देशी हातानें, हें जुनीं दप्तरें चाळलेला डोळा ओळखूं शकेल. निम्मी तपासणी तर पुणेंकरांस घरबसल्यासारखीच आहे. केसरीवाडा नारायण पेठेंतच आहे.