जुनी संगणक प्रणाली : राखावी की नव्याने लिहावी?

बँका, विमा कंपन्या आणि रेल्वेसारख्या संस्थांचे दैनंदिन व्यवहार अनेकदा काही दशकांपूर्वी लिहिलेल्या आज्ञावलींवर चालतात. त्या राखाव्यात की नव्याने लिहाव्यात, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. निर्णय चुकल्यास त्याची झळ थेट ग्राहकांना बसते.

केवळ जुनी झाली म्हणून आज्ञावली निकामी ठरत नाही. १९५९ मध्ये आराखडा तयार झालेल्या कोबोल भाषेतील आज्ञावली आजही अनेक बँकांत वापरात आहेत. वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांमधून व्यवसायाचे असंख्य नियम त्यांत साठलेले असतात. त्यांपैकी अनेकांची अन्यत्र लेखी नोंद नसते. त्यामुळे नव्याने लेखन करताना ते निसटण्याचा धोका असतो.

मात्र जाणकार कर्मचारी निवृत्त होणे, उत्पादकाचे साहाय्य थांबणे, लहानशा बदलालाही महिने लागणे आणि वाढता भार न पेलणे ही बदल आवश्यक झाल्याची लक्षणे होत.

भारतीय रेल्वेने दिल्लीत १९८५ मध्ये संगणकीय आरक्षण सुरू केले. देशभरातील केंद्रे एकमेकांशी जोडणारी ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली १९९४ मध्ये सिकंदराबाद येथे प्रथम कार्यान्वित झाली. २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू करताना या मूळ प्रणालीलाच नवी सुविधा जोडण्यात आली. भार वाढत गेल्यानंतर २०२५ मध्ये रेल्वेने आरक्षण प्रणालीच्या नूतनीकरणाची घोषणा केली. त्यावेळची मिनिटाला ३२ हजार तिकिटांची क्षमता दीड लाखांहून अधिक करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

घाईने केलेल्या स्थलांतराचे उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने ग्राहकांची खाती जवळजवळ एकाच टप्प्यात नव्या प्रणालीवर नेली. माहिती सुखरूप पोहोचली. परंतु नवी प्रणाली लगेच कोलमडली आणि लाखो ग्राहकांना खात्यांचे व्यवहार करता येईनात. चाचण्या अपुऱ्या असल्याचे चौकशीत आढळले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

म्हणूनच जेथे शक्य असेल तेथे आज्ञावलीचा एकेक भाग बदलणे अधिक सुरक्षित ठरते. त्यासाठी प्रथम जुन्या आज्ञावलीतील नियमांची नोंद केली जाते. त्यानंतर जुनी व नवी प्रणाली काही काळ समांतर चालवून दोन्हींचे हिशेब ताडून पाहिले जातात. ते जुळल्यानंतरच जुनी प्रणाली बंद करणे इष्ट असते. तोपर्यंत पूर्वीच्या व्यवस्थेकडे परतण्याचा मार्ग खुला ठेवावा लागतो.