फोटो बाईनं काढला, पुस्तक कुणाचं?

इथं सोनाळ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, फोटोंच्या पुस्तकांचा इतिहास कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. प्रश्न रास्त आहे, त्याकडे शेवटी येतेच. आधी मी एक विचारते. फोटोंचं पहिलं पुस्तक कुणी काढलं?

बऱ्याच ठिकाणी नाव सापडतं ते इंग्लंडच्या हेन्री फॉक्स टॅलबट यांचं, साल १८४४. पण त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १८४३ मध्ये, अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रातल्या शेवाळांच्या पुस्तकाचा पहिला भाग काढला होता. रसायन लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवायचं, उन्हात धरायचं, मग पाण्यानं धुवायचं. कागद निळा होतो आणि शेवाळाचा पांढरा ठसा उमटतो. कॅमेऱ्याशिवाय, एकेक पान हातानं केलेलं! असं काम त्यांनी दहा वर्षं केलं. प्रस्तावनेखाली सही मात्र फक्त 'ए. ए.' एवढीच. पुढे कुणीतरी त्याचा अर्थ लावला 'अ‍ॅनॉनिमस अमॅच्युअर', म्हणजे कुणी अनामिक हौशी.

आता आपल्याकडे या. होमाई व्यारावाला. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतात. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते पतीच्या, माणेकशा यांच्या नावानं. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. स्वातंत्र्याचा सोहळा, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, सगळं त्यांनी टिपलं. १९७० मध्ये कॅमेरा बाजूला ठेवला. आणि त्यांच्या कामावरचं मोठं पुस्तक कधी आलं? २००६ मध्ये, सबिना गडिहोक यांनी अभ्यास करून लिहिलं तेव्हा. मधे छत्तीस वर्षं गेली.

कॅमेरा महाग होता, बायकांना घराबाहेर पडणं अवघड होतं, हे खरंच आहे. पण तेवढ्यानं होमाईंचं कोडं सुटत नाही. त्यांच्या हातात कॅमेरा होता, कामही होतं. नव्हतं ते पुस्तक. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. पुस्तक कपाटात राहतं आणि त्याच्यावर नाव राहतं. इतिहास लिहिणारा माणूस आधी कपाट उघडतो, बरं का!

पुढच्या पिढीतल्या बायकांनी पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं. 'सलाम बॉम्बे'ची पटकथा लिहिणाऱ्या मुंबईच्या सूनी तारापोरवाला वर्षानुवर्षं आपल्याच पारशी समाजाचे फोटो काढत होत्या. २००० मध्ये त्यांनी त्याचं पुस्तक केलं, तेही स्वतःच प्रकाशित केलं. दयानिता सिंग यांचं तबलावादक झाकीर हुसेन यांच्यावरचं पहिलं पुस्तक १९८६ चं. २००८ मध्ये त्यांनी एका पेटीत सात छोटी घडीची पुस्तकं काढली. उलगडून टेबलावर उभी केली, की घरातच प्रदर्शन! त्यांना पुस्तक हीच कलाकृती वाटते. २०२२ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

आता सोनाळ्याचा प्रश्न. तुमच्या घरात जुना अल्बम असेल. काळ्या पानांवर फोटो कुणी लावले? कोणता आधी, कोणता नंतर, हे कुणी ठरवलं? आमच्याकडे ते आजीनं केलं होतं. आम्ही मात्र त्याला आजोबांचा अल्बम म्हणायचो, कारण कॅमेरा आजोबांचा होता. पानं जुळवणारीचं नाव कुठंच नव्हतं.

म्हणून एवढंच करा. घरी गेल्यावर ट्रंक उघडा. घरातली जाणती बाई शेजारी बसवा, तिला विचारा आणि सुट्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं हलकेच लिहा: कोण, कुठं, कधी. आणि अल्बमच्या पहिल्या पानावर तो ज्या बाईनं लावला, तिचं पूर्ण नाव लिहा.