इंग्रजी स्वरांचे प्राथमिक अध्यापन
इंग्रजी स्वरांचे प्राथमिक अध्यापन : इंग्रजीतील स्वरध्वनी वाचण्यास व योग्य वर्णविन्यासाने, म्हणजे स्पेलिंगने, लिहिण्यास मुलांना शिकविण्याच्या पद्धतींचा हा इतिहास आहे. इंग्लंडमधील प्रमाण उच्चारात परंपरेने वीस स्वर मानले जातात; त्यांपैकी बारा शुद्ध व आठ संयुक्त होत. रोमन लिपीत मात्र त्यांसाठी पाचच अक्षरे असून वाय या अक्षराचे साहाय्य मिळते. परिणामी ‘ईए’ ही एकच अक्षरजोडी ‘सी’ (समुद्र), ‘ब्रेड’ (पाव) व ‘ग्रेट’ (थोर) या शब्दांत तीन भिन्न स्वर दर्शविते.

या विसंगतीचे एक प्रमुख कारण ऐतिहासिक आहे. सु. १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार पालटले. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये मुद्रणालय स्थापन केले. त्यानंतर वर्णविन्यास क्रमशः स्थिरावला. उच्चार मात्र बदलत राहिले. यावर दोन उपाय पुढे आले : लिपी सुधारणे किंवा रूढ लिपी सुबोध रीतीने शिकविणे. जॉन हार्टने १५६९ मध्ये ध्वन्यनुसारी लेखनाचा पुरस्कार केला, तर रिचर्ड मल्कॅस्टर या शिक्षकाने १५८२ मध्ये रूढीस मान देऊन तिला नियमबद्ध करण्याचा मार्ग सुचविला.

शाळांत दीर्घकाळ वर्णपद्धती प्रचलित होती. मुले अक्षरांची नावे व दोन-तीन अक्षरांचे अवयव घोकीत. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १७८३ च्या आपल्या वर्णविन्यास-पुस्तकात स्वरांचे उच्चार अंकांनी सूचित केले. एकोणिसाव्या शतकात होरेस मान याने निरर्थक अक्षरपाठावर टीका करून शब्दापासून प्रारंभ करण्याचा आग्रह धरला. पुढे शब्दपद्धतीचा मोठा प्रसार झाला. परंतु अपरिचित शब्द उलगडण्याचे साधन तीत मुलांना पुरेसे मिळत नाही, असा आक्षेप रूडॉल्फ फ्लेशने १९५५ मध्ये घेतला.

लिपी सुधारण्याचा सर्वांत व्यापक शालेय प्रयोग म्हणजे सर जेम्स पिटमन यांची आद्य अध्यापन वर्णमाला होय. लघुलिपीकार आयझॅक पिटमन हे त्यांचे आजोबा. १९६१ मध्ये इंग्लंडमधील काही शाळांत तिचा प्रयोग सुरू झाला. या वर्णमालेत ४४ चिन्हे होती. अनेक दीर्घ स्वरांसाठी दोन परिचित अक्षरे सांधून एकच चिन्ह बनविले होते. कॅपिटल अक्षरांचे वेगळे रूप नव्हते. प्रारंभीचे वाचन साधल्यावर मुलाने रूढ लिपीकडे वळावे, अशी योजना होती. वॉरबर्टन व साउथगेट यांनी १९६९ मध्ये केलेल्या परीक्षणात, आरंभी मुले लवकर वाचू लागतात, परंतु सुमारे तीन वर्षांनंतर हा लाभ बहुतांशी उरत नाही, असे आढळले. दोन लिप्यांची पुस्तके पुरविणे व शाळा बदलणाऱ्या मुलांची सोय करणे, याही अडचणी होत्या. हळूहळू ही वर्णमाला मागे पडली. प्रौढपणी काहींनी आपल्या सदोष वर्णविन्यासाचे खापर तिच्यावर फोडले. तसा सार्वत्रिक दुष्परिणाम मात्र सिद्ध झालेला नाही.

रूढ लिपीचे नियमही सर्वत्र लागू पडत नाहीत. दोन स्वराक्षरे लगत आल्यास पहिल्याचा दीर्घ उच्चार होतो व दुसरे अनुच्चारित राहते, हा शाळेत शिकविला जाणारा नियम थिओडोर क्लायमर यांना १९६३ मध्ये तपासलेल्या शब्दांपैकी केवळ ४५ टक्क्यांत खरा आढळला. शब्दान्ती ‘ई’ असल्यास आधीचा स्वर दीर्घ होतो, हा नियम ६३ टक्क्यांत टिकला. म्हणून सुट्या नियमांच्या पाठांतराऐवजी ध्वनी व अक्षरगट यांचे क्रमबद्ध अध्यापन करण्याकडे कल वाढला. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० च्या व इंग्लंडमधील रोझ यांच्या २००६ च्या अहवालांनी त्यास पाठबळ दिले. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांची ४० शब्दांची वाचनचाचणी घेतली जाते. त्यांतील निम्मे शब्द निरर्थक असतात. पाठांतराने ते वाचता येत नसल्याने ध्वनिज्ञान पारखले जाते.

महाराष्ट्रात २००० पासून इयत्ता पहिलीत इंग्रजी शिकविले जाऊ लागल्याने हा प्रश्न मराठी मुलांपुढेही आला. स्वरचिन्हावरून उच्चार बहुधा निश्चितपणे कळावा, ही अपेक्षा देवनागरीने त्यांच्या ठायी रुजविलेली असते. इंग्रजी वाचताना त्यांची जी चूक होते, ती पुष्कळदा मंदबुद्धीची नव्हे, तर या रास्त अपेक्षेची निदर्शक असते. तिचे कारण ओळखून उपाय योजणे, हेच अध्यापनाचे खरे कार्य होय.