ड्रोनची फुगलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. आधी एवढं करा

तालुका प्रतिनिधी : शेतात फवारणीचे ड्रोन आले, लग्नात शूटिंगचे ड्रोन घिरट्या घालू लागले, पोरांच्या हाती रिमोटची विमानं आली. या सगळ्यांत बहुतेक लिथियम पॉलिमरची, म्हणजे ‘लिपो’ बॅटरी असते. वापरून वापरून ती दमते, मग उशीसारखी फुगते.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच माळ्यावर कापसाच्या गाठोड्याशेजारी अशी एक सापडली. पोरानं ‘नंतर खोलून बघू’ म्हणून ठेवलेली. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आतला द्रव खराब होऊन वायू तयार होतो, म्हणून बॅटरी फुगते. तो द्रव पेट घेणारा. खिळा टोचला, पक्कडीनं दाबली, तर आतले पातळ पदर एकमेकांना भिडतात आणि क्षणात आग लागते. धूरही विषारी. म्हणून फुगलेली बॅटरी टोचायची नाही, खोलायची नाही आणि ‘एकदा बघू’ म्हणून चार्जिंगलाही लावायची नाही. ती सुक्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायूला वाट हवी. डबा घर, गोठा, कडब्याची गंजी यांपासून लांब, सावलीत ठेवा.

फुगलेली नाही पण निकामी झाली आहे, अशी बॅटरी आधी रिकामी करता येते. तीन सेलच्या, म्हणजे ११.१ व्होल्टच्या बॅटरीला मोटारसायकलचा १२ व्होल्टचा बल्ब जोडा आणि उघड्यावर, फरशीवर किंवा दगडावर ठेवून तो पूर्ण विझेपर्यंत लक्ष ठेवा. बल्ब तापतो, हात लावू नका. फवारणी ड्रोनच्या मोठ्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग नको, तिचा व्होल्टेज जास्त असतो. ती विकणाऱ्यालाच परत द्या. मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला मोबाईलवर फिरतो. त्यात तारेची टोकं गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहू शकतो, त्यामुळे भरवसा नाही.

टोकांना चिकटपट्टी लावा. तार कापायची वेळ आलीच तर एकावेळी एकच कापा. लाल-काळी एकदम पक्कडीत धरली की शॉर्ट झालंच समजा.

द्यायची कुठं? ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. आपलं काम ती घरच्या कचऱ्यात न मिसळता गोळा करणाऱ्यांकडे देणं. बॅटरीवर फुली मारलेली कचरापेटी छापलेली असते, तिचा अर्थ तोच. दुकानदार आधी ‘आम्ही घेत नाही’ म्हणतात, मलाही म्हणाले. तेव्हा कंपनीचं संकलन केंद्र कुठं ते विचारा, नगरपरिषदेत ई-कचऱ्याची चौकशी करा. भंगारवाल्याला देऊ नका. तो हातोडीनं फोडतो आणि आग त्याच्या अंगावर येते. पाठीवरच्या फवारणी पंपाची शिशाची बॅटरी वेगळी, ती जुनी देऊन नवी घेताना दुकानदार पैसे वजा करून देतो.

नेताना एसटीच्या गर्दीत पिशवीत कोंबू नका, उन्हातल्या बंद गाडीतही ठेवू नका. पेटलीच तर माणसं लांब करा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा, आजूबाजूचा कडबा हलवा आणि लांबून भरपूर पाणी मारा. विझल्यासारखी दिसली तरी ती पुन्हा पेटते, तेव्हा लगेच उचलायला जाऊ नका.