तलंग व नर यांची पारख

अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबडीला तलंग म्हणतात. तलंग आणि त्याच वयाचा नर यांतील फरक बाह्य लक्षणांवरून ओळखण्याला लिंगपारख अशी संज्ञा आहे. परसातील कुक्कुटपालनासाठी पक्षी विकत घेताना ही पारख निर्णायक ठरते, कारण उबवणीतून निघणाऱ्या पिल्लांत नर व माद्या साधारण निम्मे-निम्मे असतात. मात्र अंडी देते ती मादीच, आणि त्यासाठी तिला नराची गरज नसते. नर लागतो तो अंडी फलित होऊन त्यांतून पिल्ले निघावीत म्हणून, आणि आठ-दहा माद्यांमागे एक नर त्या कामी पुरतो.

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत घरामागे खुराडे बांधून गावरान कोंबड्या पाळण्याची रीत जुनी आहे. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात एकदिवसीय 100 पिल्लांचा मिश्र गट आणि 8 ते 10 आठवडे वयाच्या 25 तलंगा व 3 नर यांचा गट असे दोन प्रकार 50 टक्के अनुदानावर दिले जात आले आहेत. पहिल्या गटात नर-मादी वेगळे केलेले नसतात, तर दुसऱ्यात ते मोजून दिलेले असतात. नुसत्या डोळ्यांनी भरवशाची पारख कोणत्या वयापासून होऊ लागते, हेही या दोन गटांवरून लक्षात येते.

एकदिवसीय पिल्ले : या वयात नर व मादी दिसायला सारखेच असतात. पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतील सूक्ष्म उंचवटा पाहून लिंग ठरवण्याची पद्धत 1920 च्या दशकात कियोशी मासुई यांच्या संशोधनातून जपानमध्ये पुढे आली. तिला मोठा सराव लागतो आणि अननुभवी हातांनी पिल्लाला इजा होते. दुसरी पद्धत पंखांच्या पिसांची आहे. पिसे लवकर किंवा उशिरा वाढवणारे जनुक नराला आई-बाप दोघांकडून, तर मादीला केवळ बापाकडून मिळते. त्यामुळे योग्य जोड्या लावून तयार केलेल्या व्यापारी संकरांत मादीची उड्डाणपिसे त्यांच्या मुळाशी असलेल्या आच्छादक पिसांपेक्षा स्पष्टपणे लांब दिसतात, तर नराची तेवढीच किंवा आखूड असतात. गावरान पिल्लांची अशी आखणी केलेली नसल्याने त्यांना हा नियम लावता येत नाही.

वाढती पिल्ले : साधारण चौथ्या आठवड्यापासून नराचा तुरा व चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या मोठ्या होऊन लाल होऊ लागतात, पाय जाड दिसतात आणि तो मान ताठ ठेवून उभा राहतो, तलंगेचा तुरा मात्र बराच काळ लहान व फिकट पिवळसर किंवा गुलाबी राहतो. तुरा नर-संप्रेरकाच्या प्रभावाने वाढत असला, तरी आजारी नराचा तुरा फिका पडतो आणि अंड्यावर येऊ लागलेल्या तलंगेचा तुरा लालबुंद होतो, म्हणून वय ठाऊक नसताना केवळ तुऱ्यावर विसंबता येत नाही. असीलचा तुरा मुळातच बुटका असतो, तर मध्य प्रदेशातील झाबुआ भागातून आलेल्या कडकनाथचा तुरा काळसर जांभळा असल्याने लाल रंगाची खूण तेथे उपयोगी पडत नाही.

पिसांची खूण : दहा-बारा आठवड्यांनंतरची सर्वांत विश्वासार्ह खूण पिसांच्या आकारात सापडते. पक्षी काखेत धरून शेपटीच्या मुळाजवळचे, पाठीवरचे एक पीस बोटाच्या टोकावर उचलून पाहिले असता नराचे पीस लांब, अरुंद, चमकदार व टोकाला निमुळते दिसते, तर मादीचे रुंद व गोलसर टोकाचे असते. पिसाला हा गोलपणा मादी-संप्रेरकामुळे येतो, आणि म्हणूनच अंडाशय निकामी झालेल्या कोंबडीलाही पुढे नरासारखी पिसे फुटू शकतात. पुढे नराच्या शेपटीत कोयत्यासारखी वाकलेली पिसे येतात व तो आरवू लागतो. तोवर मात्र खरेदीचा निर्णय बहुधा होऊन गेलेला असतो.

गैरसमज : अंड्याच्या आकारावरून पिल्लाचे लिंग कळते, ही समजूत फार जुनी आहे, लांबट अंड्यातून मादी निघते असे ॲरिस्टॉटलने, तर गोल अंड्यातून मादी निघते असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. वस्तुतः पक्ष्यांत लिंग मादीच्या बीजांडावरून ठरते आणि कवच त्यानंतर चढते, त्यामुळे कवचाच्या आकाराचा लिंगाशी संबंध नसतो.

खरेदीतील दक्षता : आठवडी बाजारात एकाच टोपलीत निरनिराळ्या वयांचे व जातींचे पक्षी असू शकतात, आणि अशा वेळी थोराड तलंग नर वाटते, तर कोवळा नर तलंग म्हणून विकला जातो. रस्त्यावर रंग देऊन विकली जाणारी स्वस्त पिल्ले बहुधा अंड्यांच्या व्यापारी जातींतून वगळलेले नर असतात. अंड्यांसाठी पक्षी घेणाऱ्याने एकाच जातीचे, एकाच वयाचे व शक्यतो दहा आठवड्यांपुढचे पक्षी उजेडात शेजारी-शेजारी ठेवून तुरा, पाय, उभे राहण्याची ढब आणि पाठीचे पीस या चारही खुणा एकत्र पाहाव्यात. खुणा एकमेकींशी जुळत नसतील, तर तो पक्षी तलंगेच्या भावाने घेऊ नये.