निरुपद्रवी शेजाऱ्यांकडून उसनवारी

आई-वडिलांकडून मुलांकडे येणारा वारसा आपल्या परिचयाचा आहे. जीवाणूंच्या जगात मात्र वारसा शेजाऱ्याकडूनही मिळतो आणि तो शेजारी मेलेला असला तरी चालते. या व्यवहाराला जनुकांचे आडवे संक्रमण म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकस कुळातील न्यूमोकॉकस हा जीवाणू त्यात विशेष तरबेज आहे. न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि लहान मुलांचे कान फुटणे यांमागे अनेकदा तोच असतो.

या व्यवहाराचा पहिला पुरावा १९२८ साली लंडनमध्ये मिळाला. न्यूमोनियाच्या जीवाणूंचा अभ्यास करणाऱ्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांच्याकडे त्यांचे दोन वाण होते. एकावर शर्करेचे गुळगुळीत आवरण होते व तो उंदरांना मारत असे. दुसरा आवरण गमावलेला आणि निरुपद्रवी. ग्रिफिथ यांनी पहिल्या वाणाचे जीवाणू उष्णतेने मारले आणि दुसऱ्या वाणाच्या जिवंत जीवाणूंसोबत उंदरांना टोचले. उंदीर दगावले. त्यांच्या रक्तात आवरणधारी जिवंत जीवाणू आढळले, आणि ते आवरण मेलेल्या वाणाचे होते! मेलेल्यांकडून जिवंतांकडे गेलेला पदार्थ डीएनए होता, हे १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी दाखवले. ते पाहायला ग्रिफिथ नव्हते. १९४१ मध्ये लंडनवरील हवाई हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला होता.

प्रयोगशाळेत दिसले ते आपल्या नाका-घशातही घडते. न्यूमोकॉकस एक छोटे प्रथिन बाहेर सोडत असतो. त्याचे प्रमाण पुरेसे वाढले, की आजूबाजूचे जीवाणू डीएनए आत घेण्यास सज्ज होतात. इतकेच नव्हे, तर सज्ज न झालेल्या शेजाऱ्यांना फोडणारी द्रव्येही ते सोडतात. फुटलेल्या पेशीतील डीएनएचा एक धागा आत ओढला जातो आणि मूळ जनुकाशी साधर्म्य असेल तर त्याच्या जागी बसतो. याला उसनवारी म्हणावे की दरोडा, हा प्रश्नच आहे.

पेनिसिलिनला दिला जाणारा प्रतिकार याच मार्गाने आला. जीवाणूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून पेनिसिलिन ते बांधकाम बंद पाडते. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियातून पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या न्यूमोकॉकसची नोंद झाली. १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अनेक औषधांना न जुमानणारे वाण सापडले. अशा वाणांतील त्या प्रथिनांची जनुके तपासली, तेव्हा ती गोधडीसारखी निघाली: काही तुकडे स्वतःचे, काही स्ट्रेप्टोकॉकस मायटिससारख्या, तोंडात एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या नातलगांचे. म्हणजे या जीवाणूचा एकच वंशवृक्ष काढता येत नाही. एकाच जनुकाचे दोन तुकडे दोन वेगळ्या फांद्यांवरचे असू शकतात.

याच कुळातील स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिसची रीत निराळी आहे. लोहितज्वराला कारण ठरणाऱ्या विषाचे जनुक त्याला जीवाणूंवर जगणारे विषाणू आणून देतात. पेनिसिलिन मात्र त्याच्यावर आजही लागू पडते.

न्यूमोकॉकसची खरी डोकेदुखी लसीकरणात जाणवते. लस शर्करेचे आवरण ओळखायला शिकवते आणि आवरणाचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यातच आवरणाची जनुके गुणसूत्रावर पेनिसिलिनशी संबंधित दोन जनुकांच्या मधोमध बसलेली असल्याने, एकाच देवघेवीत आवरण आणि औषध-प्रतिकार दोन्ही बदलू शकतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच वाणाचे, विविध देशांतून गोळा केलेले २४० नमुने तपासले गेले. त्यांत अशा देवघेवीच्या सातशेहून अधिक खुणा सापडल्या.

अमेरिकेत २००० साली सात प्रकारांविरुद्धची लस आली, त्यानंतर लसीत नसलेला १९-ए हा प्रकार बळावला. त्यातील काही जीवाणू म्हणजे लसीतल्या ४ क्रमांकाच्या प्रकाराचेच वाण होते, १९-ए चे आवरण चढवलेले. २०१० च्या तेरा प्रकारांच्या लसीत मग १९-ए घ्यावा लागला. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात न्यूमोकॉकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० च्या डिसेंबरात आणलेल्या दहा प्रकारांच्या लसीतही १९-ए चा समावेश आहे.