थर घसरतात तेव्हा : सोडियम-घटाच्या कॅथोडचा इतिहास



भाषेच्या माणसाने रसायनशास्त्रात का शिरावे, असे आपणांस वाटेल. परंतु ही कथा एका वर्गीकरणापासून सुरू होते, आणि वर्गीकरण हा आम्हां व्याकरणवाल्यांचा जुना सोस आहे.

सन १९८० मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे क्लोद देल्मास व त्यांच्या सहकाऱ्यांनी थरांच्या रचनेची ऑक्साइडे विभागली. धातू व ऑक्सिजन यांच्या थरांमध्ये सोडियम बसतो. त्याची जागा अष्टफलकी असेल तर 'ओ', त्रिकोणी लोलकासारखी असेल तर 'पी'. पुढचा आकडा किती थरांनंतर रचनेची आवृत्ती होते ते सांगतो. 'ओ३', 'पी२' ही नावे आजही रूढ आहेत. त्याच वर्षी ऑक्सफर्ड येथे गुडइनफ यांच्या गटाने लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड पुढे आणला. (पाठ्यपुस्तके कॅथोडला 'ऋणाग्र' म्हणतात, वीज देणाऱ्या घटात मात्र तेच धन टोक असते, म्हणून मी मूळ शब्दच ठेवतो.) १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला आणि सोडियमची वाट बरीच वर्षे जवळजवळ ओस पडली.

ही उपेक्षा अकारण नव्हती. सोडियमच्या आयनाची त्रिज्या सुमारे १.०२ अँगस्ट्रॉम, लिथियमची ०.७६. घट भारित होताना सोडियम फार निघून गेला की थर एकमेकांवरून घसरतात. २००१ मध्ये कॅनडातील लू व डान यांनी निकेल-मँगनीजच्या ऑक्साइडात हे क्ष-किरणांनी टिपले : 'पी२' रचनेची 'ओ२' होते. घनफळ सुमारे एक-पंचमांशाहून अधिक आकसते आणि अशा फेऱ्यांनी कणांना तडे जातात.

२०१२ मध्ये जपानमधील कोमाबा यांच्या गटाने लोह-मँगनीजचा 'पी२' कॅथोड मांडला. त्यात निकेल वा कोबाल्ट नव्हता आणि धारणशक्ती दर ग्रॅमला सुमारे १९० मिलिअँपिअर-तास होती. टिकाऊपणाचा प्रश्न मात्र उरलाच. मग २०१६ च्या सुमारास निकेलच्या काही जागी मॅग्नेशियम घालण्याचे प्रयोग झाले. मॅग्नेशियमची संयुजा बदलत नाही, म्हणून काही सोडियम आतच राहतो आणि थरांना टेकू मिळतो. त्याची किंमत कमी झालेल्या धारणशक्तीने मोजावी लागते. मला हा सौदा रास्त वाटतो. रोज भारित होणाऱ्या घटाला पहिल्या दिवसाच्या विक्रमापेक्षा हजाराव्या दिवसाची शाश्वती हवी.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीनेही आपले सोडियम-आयन तंत्र जाहीर केले.